भांडवल पाहुणे, कौशल्य घरचे

परकीय गुंतवणुकीचा विषय निघाला की महाराष्ट्राची मान अभिमानाने उंचावते आणि ते स्वाभाविकही आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात आलेल्या थेट परकीय समभाग गुंतवणुकीपैकी ३९ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा होता. दुसऱ्या क्रमांकावरील कर्नाटकाचा वाटा १३ टक्के होता. मात्र हे आकडे राज्याचे आहेत, जिल्ह्यांचे नव्हेत. मुंबईत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या कंपनीत परदेशी पैसा आला की तो महाराष्ट्राच्या खात्यावर जमा होतो. तेवढ्याने करवीर किंवा कागल तालुक्यातील पदवीधराच्या हाताला काम मिळत नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण होताच चाकण-हिंजवडीची वाट धरणारी कोल्हापूरची मुले आणि गावाकडे मागे उरलेले वृद्ध आईवडील, हे चित्र आज कोणत्या पेठेत वा गल्लीत दिसत नाही? म्हणूनच गुंतवणूक किती आली, यापेक्षा ती कोठे आली आणि तिने मागे काय ठेवले, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

कागलचा अनुभव

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोल्हापूरकरांना फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. २००० च्या दशकात रेमंड कंपनीने इटलीतील झांबायटी उद्योगसमूहाशी भागीदारी करून कागल परिसरात उंची सुती शर्टिंगचा कारखाना उभारला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तुर्कस्तानातील सोकतास ही वस्त्रोद्योग कंपनीही कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत आली. जवळच इचलकरंजी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून त्या गावाच्या बोटांत सूत मुरले आहे. पुणे-बंगळूर महामार्ग दारात आणि पाणी हाकेच्या अंतरावर होते. परदेशी पाहुणे आले ते केवळ आमंत्रणपत्रिका पाहून नव्हे; येथे हात तयार होते.

पुढे काय झाले? इटालियन भागीदार कालांतराने बाजूला झाला आणि त्या कारखान्याचे नाव रेमंड लक्झरी कॉटन्स असे झाले. सोकतासचा भारतातील व्यवसाय २०१९ मध्ये आदित्य बिर्ला समूहातील ग्रासिमने सुमारे १६५ कोटी रुपयांना विकत घेतला. परदेशी मालक गेले, परंतु माग, इमारती आणि त्यांवर शिकलेले कामगार कागलमध्येच राहिले. भांडवलाला पाय असतात. सोयीचे दिसेल तिकडे ते चालू लागते. कौशल्य मात्र शिकलेल्या माणसाबरोबर गावात नांदते.

याच्या अगदी उलट उदाहरण शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात घडले. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाची वीज खरेदी करण्याची हमी राज्याच्या वीज मंडळाने दिली होती. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, मंडळाला ती वीज परवडेना, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मूळ कंपनीचे दिवाळे निघाले. स्थानिक पुरवठादार नाहीत, स्थानिक कौशल्य नाही आणि जोखीम मात्र सारी यजमानाच्या माथी, अशा गुंतवणुकीचे फळ दुसरे काय असणार? स्वदेशीचा विचार परदेशी माणसाशी अबोला धरायला सांगत नाही. व्यवहाराच्या अटी आपण नीट वाचाव्यात, एवढेच तो सांगतो.

उद्यमनगरीचा वारसा

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि ती गुळाची बाजारपेठ म्हणून नावारूपाला आली. १९०६ साली त्यांनी शाहू मिलची पायाभरणी केली आणि पुढे राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. बाजारपेठ, कारखाना आणि पाणी ही त्रिसूत्री त्या काळात एका संस्थानिकाने ओळखली होती. धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या मळ्यांत ऑइल इंजिने धडधडू लागली. ती दुरुस्त करता करता म्हादबा मिस्त्री यांच्यासारख्या कारागिरांच्या पिढीने स्वतः इंजिने घडवली. त्यांतून शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. वीजपंप आले, इंजिनांची मागणी ओसरली, तेव्हा हेच कारखानदार मोटार उद्योगासाठी ओतकाम करू लागले. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत आणि त्यांचे सुटे भाग परदेशी कंपन्यांच्या वाहनांतही बसतात. परकीय चलन येथे मालाच्या मोबदल्यात येते, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु वारसा आपोआप टिकत नाही. शाहू मिलचा भोंगा २००३ मध्ये कायमचा थांबला. २०१३ च्या सुमारास वीजदरांना कंटाळलेल्या कोल्हापूरच्या उद्योजकांनी थेट कर्नाटकात स्थलांतराचा इशारा दिला आणि शेजारच्या राज्याने सीमेलगत जागा देऊ केली. घरचा उद्योजक बाहेर पडण्याच्या विचारात असताना परदेशी उद्योजकाला आत बोलावणे कितपत शोभते?

पायताणाची किंमत

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी हुबेहूब साम्य असलेली पादत्राणे सादर केली आणि तिच्या उगमाचा उल्लेखही केला नाही. महाराष्ट्रात संताप उसळला, कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली आणि जुलैमध्ये तिचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. या दोन राज्यांत २,००० जोड तयार करायचे, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांहून अधिक, आणि कारागिरांसाठी प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप होते.

हिशेब मांडला तर २,००० जोडांची दुकानातील एकूण किंमत १६-१७ कोटी रुपये होते. जिल्ह्याच्या अर्थकारणात ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. तिचे महत्त्व वेगळे आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, हाताने घातलेली वेणी आणि शिवण यांना जगाच्या बाजारात काय मोल आहे, ते या निमित्ताने उघड झाले. ज्या चर्मकार बांधवांनी पिढ्यानुपिढ्या ही कला जपली, त्यांच्या मुलांना तिच्यात भवितव्य दिसत नाही, याचे कारण कलेत नसून तिच्या मोबदल्यात आहे. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची मालकी दोन्ही राज्यांच्या महामंडळांकडे आहे. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, ती याचिकाकर्ते मानांकनाचे मालक नाहीत या कारणावरून. म्हणजेच नावाचे रक्षण करण्याचा अधिकार महामंडळांचा आणि म्हणून कर्तव्यही त्यांचेच. भारतातील नोंदणी युरोपात आपोआप लागू होत नाही, हे ध्यानात घेऊन परदेशांतील नोंदणीचा पाठपुरावा झाला पाहिजे. करारातील प्रत्येक जोडामागे कारागिराच्या हाती किती पडले, तेही महामंडळांनी जाहीर करावे.

आधी भुई, मग बीज

गुंतवणूक यावी असे वाटत असेल, तर आधी भुई तयार करावी लागते. कोकणातील बंदरांना जोडणारा कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे कागदावर आहे. तो झाला तर ओतकामाच्या जड मालाला समुद्राचा जवळचा रस्ता मिळेल. विमानतळाची नवी टर्मिनल इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली, हे चांगलेच झाले; पण प्रवासी विमानातून ओतीव लोखंड जात नाही. पंचगंगेचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. दूषित पाण्यामुळे २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. नदी मारून मिळवलेला रोजगार समाजाला शेवटी महागच पडतो.

उद्या एखादी परदेशी कंपनी दारात आली, तर शासनाने आणि लोकप्रतिनिधींनी तिला चार प्रश्न अवश्य विचारावेत. सुटे भाग कोल्हापुरातून घेणार का? स्थानिक तरुणांना कोणते कसब शिकवणार? सांडपाण्याची व्यवस्था काय? आणि उद्या तुम्ही निघून गेलात, तर येथे काय राहील? ज्या पाहुण्याकडे याची समाधानकारक उत्तरे असतील, त्याचे करवीरनगरीने गूळ-पाणी देऊन स्वागत करावे. ज्याच्याकडे नसतील, त्याला महामार्ग मोकळा आहे.