चौदाशे वर्षांच्या वैराची सबब

येमेनच्या युद्धाची बातमी आली की तिच्या शेवटी एक वाक्य हमखास चिकटवलेले असते: शिया हौथी आणि सुन्नी सौदी यांच्यातला हा जुना धार्मिक संघर्ष. बराक ओबामांनीसुद्धा जानेवारी २०१६च्या काँग्रेसपुढील भाषणात पश्चिम आशियातल्या कलहांची मुळे हजारो वर्षे मागे नेली होती. या मतात तथ्य आहे तेवढे आधी मान्य करतो. पंथभेद खरा आहे. हौथींच्या पाठीशी असलेल्या इराणची राज्यघटना शिया पंथाला राज्याचा पंथ मानते. हौथींच्या घोषणेत इस्लामच्या विजयाची ललकारी आहे. तरीही युद्धाचे कारण म्हणून हे स्पष्टीकरण टिकत नाही.

१९६२ मध्ये येमेनमधील साना येथे लष्कराने झैदी इमामाची सत्ता उलथवली. झैदी हा शियांचाच एक पंथ; हौथीही त्याच पंथाचे. त्या शिया इमामाच्या मागे पैसा आणि शस्त्रे घेऊन उभे राहिले सौदी राजघराणे, आणि त्याच्याविरुद्ध हजारोंची फौज पाठवली ती सुन्नी इजिप्तच्या नासर यांनी. भांडण राजेशाही आणि प्रजासत्ताक यांचे होते. पुढे अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह, स्वतः जन्माने झैदी, २००४ ते २०१० या काळात हौथींशी सहा युद्धे लढले, २०१४ मध्ये त्यांनाच जाऊन मिळाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच हातून मारले गेले. इराणचेही तसेच. शियाबहुल अझरबैजान आणि ख्रिस्ती आर्मेनिया यांच्या झगड्यात त्याचा कल आर्मेनियाकडे राहिला. सुन्नी हमासला तो शस्त्रे पुरवत आला. मार्च २०२३ मध्ये रियाध आणि तेहरान यांनी बीजिंगमध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जोडले, तेव्हा शिया-सुन्नी फुटीच्या मुळाशी असलेला सातव्या शतकातला वारसाहक्काचा वाद कोणीही मिटवलेला नव्हता.

मग धर्म हिशेबातून वगळायचा का? मुळीच नाही, आणि सगळे काही तेलावर ढकलणारे पंडितही माझ्या लेखी तितकेच चुकतात. धर्म परराष्ट्र धोरणात शिरतो तो मदरसे, देणग्या आणि शिष्यवृत्त्या यांच्या वाटेने. येमेनमधला सादा प्रांत हा झैदींचा बालेकिल्ला. तिथल्या दम्माज गावी, सौदीत शिकून आलेल्या मुकबिल अल-वादिई यांनी सलफी, म्हणजे कर्मठ सुन्नी, विद्यालय काढले. ते सौदी पैशावर वाढले. आपला पंथ आपल्याच घरात पुसला जातो आहे, या भावनेतून १९९०च्या दशकात झैदी तरुणांची चळवळ उभी राहिली आणि हौथी संघटना तिच्यातूनच पुढे आली. म्हणजे ज्याला प्राचीन वैर म्हणतात त्याची आजची धार गेल्या चाळीसएक वर्षांतली आहे. तीही एकटी पुरली नाही: २०१४च्या उन्हाळ्यात सरकारने इंधनावरचे अनुदान कापले, लोक रस्त्यावर आले, आणि त्या संतापावर स्वार होऊन हौथी सप्टेंबरात सानात शिरले.

येमेनमधले एडन १८३९ पासून नव्वदहून अधिक वर्षे मुंबई इलाख्यात होते. निदान मराठी वृत्तपत्रांनी तरी या देशाबद्दल परदेशी वृत्तसंस्थांचे ठोकळेबाज वाक्य जसेच्या तसे उतरवू नये. ९ ऑगस्ट २०१८ रोजी सादा प्रांतातल्या दह्यान येथे सौदी आघाडीच्या विमानाने शाळकरी मुलांच्या बसवर बॉम्ब टाकला; ४० मुले ठार झाली. बॉम्ब अमेरिकी बनावटीचा होता. चौदाशे वर्षांचे वैर म्हटले की तो विकणारी कंपनी, विक्रीला मंजुरी देणारे सरकार आणि लक्ष्य ठरवणारा अधिकारी, तिघेही सुटतात. त्यांची नावे बातमीत मागायलाच हवीत.