खरी नक्कल

आमच्या उंब्रजात माणसाने चाळिशीनंतर गुडघे धरावेत, पंढरीची वाट धरावी, फार तर बांधावरून भाऊबंदांना कोर्टात धरावे. पण ब्रश धरला की गाव हसते. त्यातून मी धरला तो राजा रविवर्म्याच्या 'हंस-दमयंती'ची तैलरंगात नक्कल करायला! झाले. "नकलेत कसली आलीय कला?" जो तो विचारू लागला. विचारणाऱ्यांत असेही एक गृहस्थ आहेत, की ज्यांचे बी.कॉम. अथपासून इतिपर्यंत गाइडवर झाले. गाइड मीच दिले होते, म्हणून ठाऊक.

या स्वयंभूवाद्यांना माझा एकच सवाल आहे. तुम्ही 'ग' कसा शिकलात? गुरुजींनी पाटीवर काढून दिला आणि आपण तो गिरवत बसलो. "बाळ, तुझा स्वतंत्र 'ग' काढ" असे म्हणणारे गुरुजी निघाले असते, तर आज महाराष्ट्रात एक चेक वटला नसता! तालमीत वस्तादसुद्धा आधी आपलाच डाव पोराकडून शंभर वेळा घोटून घेतो. चित्रकाराने मात्र आईच्या पोटातूनच शैली घेऊन यायची!

खुद्द रविवर्मा कसे शिकले? 1868 साली त्रावणकोर दरबारी थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार आला. त्याने शिकवले नाही. काम करताना नुसते बघू दिले. तिकडे पॅरिसात ईडिपस-स्फिंक्ससारखी पुराणातली गूढ चित्रे काढणारा गुस्ताव मोरो 1892 ते 1898 कलाशाळेत प्राध्यापक होता. तो विद्यार्थ्यांना लूव्हर संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करायला धाडी. त्यांतल्या मातिसची चित्रे पुढे कुणासारखीच दिसेनात!

नक्कल म्हणजे सक्तीने बघणे. एरवी आपण म्हणतो, दमयंतीचे लुगडे लाल. रंगवायला बसा, म्हणजे कळते की सावलीत ते तपकिरी आहे, चुणीच्या कडेवर शेंदरी, आणि निव्वळ लाल बोटभरच. तैलरंग तर फारच करडा मास्तर. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन दिवसेन्‌दिवस सावकाश घट्ट होते. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटे केले की भेगा. घाई करणाऱ्याला व्याजासकट वसुली!

"मग नक्कल आणि बनवाबनवी एकच की," असे कुणी म्हणेल. अहो, हे निदान बँकेतल्या माणसाला तरी सांगू नका. दुसऱ्याची सही मारून पैसे काढतो तो चोर. 'खरी नक्कल' असे लिहून खाली स्वतःची सही ठोकतो तो इमानदार. मी दमयंतीखाली 'रविवर्म्यावरून' असे लिहून माझे नाव घालतो.

आणि या टिंगलीचा मार बसतो तो माझ्यासारख्या पगारदाराला नव्हे. ज्या पोराला मुंबईचे कलाविद्यालय परवडत नाही, त्याला छापील चित्र हाच बिनफीचा मास्तर. रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, म्हणून तर त्यांची चित्रे राजवाड्यातून तुमच्या-आमच्या भिंतीवर आली. अस्सल बघायचे तर आपल्याच जिल्ह्यात औंधला पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेले संग्रहालय आहे. पोराला तिथे न्या, वही-पेन्सिल द्या आणि कृपा करून गप्प बसा.

'स्वतःचे काहीतरी काढा' म्हणणाऱ्यांनी आधी एक हात काढून दाखवावा. दमयंतीचा नको, स्वतःचाच. पाचही बोटे जागच्या जागी आली, तर स्टँडवर चहा माझ्याकडून!