पाण्याखालचा पहिला धडा सोबत्याचा

एका श्वासावर खोल पाण्यात उतरण्याचा खेळ, म्हणजे फ्रीडायव्हिंग, मराठवाड्यातल्या तरुणांनाही खुणावू लागला आहे. अंदमान-लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यातली दृश्ये मोबाइलवर दिसतात आणि सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न मनात येतो. छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही, तेव्हा हा खेळ आपला नव्हे, असे उत्तर त्यावर सहज दिले जाते. मला ते पटत नाही. गंगापूर-पैठणकडच्या विहिरींत बुडी मारून तळाची माती वर आणून दाखवणे, पोहण्याच्या तलावात ‘कोण जास्त वेळ खाली राहतो’ याची पैज लावणे, हे श्वास रोखून केलेले डायव्हिंगच आहे. फक्त ते कोणी शिकवलेले नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की श्वास किती वेळ रोखता येतो हे शिकण्याआधी नवशिक्याने तो एकट्याने कधीही रोखायचा नाही हे शिकावे, आणि हा धडा समुद्रावर जाण्यापूर्वी आपल्या शहरातल्या तलावातच मिळावा.

या आग्रहामागे शरीराची एक फसवी व्यवस्था आहे. पाण्याखाली जीव कासावीस होतो तो प्राणवायू संपल्यामुळे, असे बहुतेकांना वाटते. खरे तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मुख्यतः तोच आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडतो. बुडी मारण्याआधी मुले भराभर, खोल श्वास घेतात. ‘हवा भरून घेतो’ असे त्यांना वाटते, पण निरोगी माणसाचे रक्त आधीच प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. या धापांनी प्राणवायू फारसा वाढत नाही, उलट धोक्याची सूचना देणारा कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. मग घुसमट जाणवायच्या आतच शुद्ध हरपते. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी संशोधकाने १९६१ सालीच हे मांडले होते. खोलीची भर पडली की फसगत आणखी वाढते. १० मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत दाबली जाते आणि त्या दाबामुळे असलेला प्राणवायू पुरेसा वाटतो. वर येताना दाब उतरतो तसा तोही झपाट्याने अपुरा पडतो. म्हणूनच बेशुद्धी बहुधा तळाशी येत नाही. ती शेवटच्या काही मीटरमध्ये येते, कधी तर डोके पाण्याबाहेर काढल्यावर. त्या क्षणी शेजारी कोणी असेल तर तोंड पाण्यावर धरले की माणूस बहुधा काही सेकंदांत शुद्धीवर येतो. कोणी नसेल तर तो बुडतो, आणि तेही आवाज न करता, हातपाय न झाडता.

पट्टीच्या पोहणाऱ्याला हे लागू नाही, असा समज सर्वांत घातक आहे. नताल्या मोल्चानोवा पायांतल्या फिन्सच्या बळावर १०० मीटरपलीकडे जाणारी जगातली पहिली महिला होती. ऑगस्ट २०१५मध्ये स्पेनच्या फोरमेंतेरा बेटाजवळ ती स्पर्धेबाहेर, तिच्या मानाने किरकोळ खोलीवर उतरली आणि परत आली नाही. तिचे नेमके काय झाले हे कधीच कळले नाही. याउलट आयडा ही फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९९२मध्ये स्थापन झाली आणि तिच्या स्पर्धांतला पहिला मृत्यू २०१३ साली, बहामात झाला. या स्पर्धांमध्ये शुद्ध हरपण्याचे प्रसंग नवे नाहीत, पण वर येणाऱ्या डायव्हरला वाटेतच गाठण्यासाठी सुरक्षा डायव्हर सज्ज असतात. इतक्या खोलीवरचा हा खेळ इतकी वर्षे सांभाळला गेला, तो शेजारी माणूस असण्याच्या शिस्तीमुळे.

यावर पहिला आक्षेप असा, की तलावावर जीवरक्षक असतोच. पण जीवरक्षकाची नजर पृष्ठभागावरची धडपड टिपायला सरावलेली असते. तळाशी शांत पडलेला मुलगा त्याला ‘दम काढतोय’ असाच वाटतो. न्यूयॉर्क राज्यात १९८८ ते २०११ या काळात मुद्दाम श्वास रोखल्याने घडलेल्या १६ घटनांची पाहणी झाली होती. त्यांत चौघांचा मृत्यू झाला, आणि त्यांपैकी दोन तरुण लष्करी भरतीची तयारी करणारे, तंदुरुस्त होते. तेही जीवरक्षक हजर असलेल्या तलावात. दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: आमच्या काळी विहिरीत बुड्या मारल्या, कुठे वर्ग लावला होता? तो अनुभव खोटा नाही. मात्र तेव्हा काठावर पोहणारी वडीलधारी माणसे असत, पाठीला डबा बांधलेल्या पोरावर चारचौघांचे लक्ष असे. ती राखण आज उरलेली नाही. शिवाय पाणी साठवण्याच्या जागा बदलल्या. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर गावोगाव शेततळी झाली. त्यातल्या प्लास्टिकच्या अस्तरावरून ओला पाय निसटतो आणि पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. तिथे बुडीचा सराव करू नये, सोबत कितीही असो. नाथसागर जलाशयाच्या गढूळ पाण्यातही नको. हातभर अंतरावरचा सोबती दिसत नसेल तर त्याचा उपयोग काय?

शिकवल्याने मुलांना धाडसाची चटक लागेल, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. चटक मात्र आधीच लागलेली आहे. ‘श्वास रोखू नका’ एवढीच पाटी लावली, तर पैज जीवरक्षकाची पाठ फिरताच लागते. कारण सांगितले तर निदान काही मुले तरी मित्राकडे लक्ष ठेवतील. शिकवायचे तरी फार काय? बुडीआधी धापा टाकायच्या नाहीत. एक खाली असताना दुसऱ्याने वर थांबून फक्त त्याच्याकडे पाहायचे आणि तो वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट नजर हटवायची नाही. कानात दडा बसण्याआधी नाक चिमटीत धरून हवा कानाकडे हलकेच ढकलायची. दुखले, तर जोर न लावता वर यायचे. दमा, अपस्मार किंवा हृदयविकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद धरायचा नाही.

एवढे अंगवळणी पडले की मग तारकर्ली किंवा अंदमान आहेच. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, पण तिथला नियम उलटा असतो: टाकीतली हवा घेताना श्वास कधीही रोखायचा नाही. त्यामुळे स्कूबा केलेल्यालाही फ्रीडायव्हिंग नव्याने, प्रमाणित प्रशिक्षकाकडूनच शिकावे लागते. सुरुवात मात्र आपल्या शहरातच व्हावी: सिद्धार्थ उद्यानातला महापालिकेचा तलाव असो की एमजीएमचा, उन्हाळी शिबिरांच्या तुकड्या ठरतील तेव्हा एक तास या धड्यासाठी राखून ठेवावा, आणि तो जीवरक्षकांसाठी सक्तीचा करावा. त्याला नवे बांधकाम लागत नाही, महागडे साहित्यही नाही.