विशी चौथा आला असता तर…

गणपतीच्या दिवसांत आमची जुनी मंडळी जमली, की आरती-प्रसाद आटोपल्यावर कोणीतरी तो विषय काढतोच. "विशीला चौथा पाठवला असता, तर मॅच आपलीच होती." मग तासभर कोणी कोणाचं ऐकत नाही. हा वाद आहे ४ सप्टेंबर १९७९ चा. त्या दिवशीही घरोघरी गणपती बसलेले होते आणि लंडनच्या ओव्हलवर भारत-इंग्लंड चौथ्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. विजयासाठी हव्या होत्या ४३८. भारत ८ बाद ४२९. सामना अनिर्णित.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे, त्यांना या नऊ धावांची हळहळ समजावी म्हणून थोडं मागचं सांगतो. एजबॅस्टनला आपण डावाने हरलो होतो. लॉर्ड्सवर पहिल्या डावात ९६ मध्ये गारद झालो आणि दिलीप वेंगसरकर (१०३) व गुंडाप्पा विश्वनाथ, म्हणजेच आमचा विशी (११३), यांच्या २१० धावांच्या भागीदारीने सामना वाचला. ओव्हलवरही पहिल्या डावात आपण १०३ धावांनी मागे होतो. इंग्लंडच्या बॉयकॉटने दुसऱ्या डावात शतक ठोकलं आणि कर्णधार ब्रेअर्लीने ८ बाद ३३४ वर डाव सोडला. चौथ्या डावात तोवर कोणत्याही संघाने जिंकताना केलेल्या सर्वाधिक धावा होत्या ४०६, त्याही आपल्याच, १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला. चौथ्या दिवसअखेर बिनबाद ७६. शेवटचा दिवस खेळून काढला तरी पुष्कळ झालं, असंच सगळे म्हणत होते.

इंग्लंडचा दिवस आपल्याकडे दुपारी सुरू होतो आणि रात्री अकराच्या सुमारास संपतो. रेडिओ खिडकीला टेकवून ठेवायचा, एरियल हाताने धरायची. आवाज मध्येच भरून यायचा, मध्येच विरायचा. विकेट पडली की आधी प्रेक्षकांचा गलका ऐकू यायचा, कोण बाद झालं ते नंतर कळायचं. त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात एकच नाव घेत असे, 'सुनील नको.' त्या दिवशी दुपारभर तो गलका आलाच नाही.

त्याचं श्रेय जितकं सुनील गावस्करचं, तितकंच चेतन चौहानचं. आमच्या वादात हे नाव सर्वात शेवटी येतं, कधीकधी येतच नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. चौहान पुण्यात वाढलेला, वाडिया कॉलेजचा, कमल भांडारकरांच्या हाताखाली तयार झालेला. ४० कसोटींत २०८४ धावा, सोळा अर्धशतकं, शतक एकही नाही, सर्वाधिक ९७. शतक नाही म्हणून लोकांनी त्याला हिशेबातच धरलं नाही. ओव्हलवर त्याने ८० केल्या आणि सलामीची भागीदारी २१३ पर्यंत नेली. १९३६ मध्ये मँचेस्टरला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली होती. इंग्लंडमधला तो भारतीय विक्रम त्या दिवशी मोडला. मर्चंट-मुश्ताकचा तो सामनाही अनिर्णितच होता. चेंडू नवा असताना आणि खेळाडूंच्याच मनात विजयाचा विचार नसताना जो टिकतो, त्याच्यामुळेच पुढे चहापानानंतर विजयाची स्वप्नं पडू शकतात. ऑगस्ट २०२० मध्ये करोनाने चौहान गेला, तेव्हाही अनेकांनी 'गावस्करचा जोडीदार' म्हणूनच त्याची आठवण काढली.

चहापानाला १ बाद ३०४. सक्तीची शेवटची वीस षटकं सुरू झाली तेव्हा ११० हव्या होत्या. गावस्कर आणि वेंगसरकर यांनी धावसंख्या १ बाद ३६६ वर नेली, आणि इंग्लंडचे खेळाडू सीमारेषेपाशी पसरले. कसोटीत पाचव्या दिवशी संध्याकाळी यजमान संघ असा मागे हटलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. वेंगसरकर ५२ वर गेला. आणि मग पॅव्हेलियनमधून आला कपिल देव.

इथेच आमची मंडळी आवाज चढवतात. कपिल तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. झटपट धावा हव्यात म्हणून त्याला बढती दिली, हे कळतं. तो शून्यावर गेला. पाठोपाठ यशपाल शर्मा आला आणि विश्वनाथ थेट सहाव्या क्रमांकावर. लॉर्ड्सवर शतक ठोकून आलेला, मनगटाच्या झटक्याने चेंडू कुठेही फिरवणारा हा माणूस काय हळू खेळणारा होता? माझंही मत स्पष्ट आहे: ती चूक होती. विशी आला तेव्हा गावस्कर २२१ वर बाद झाला होता, ४९ धावा हव्या होत्या आणि जेमतेम आठ षटकं उरली होती. १५ वर ब्रेअर्लीने त्याचा झेल घेतला. तो झेल होता का, यावरही आमच्यात दोन तट आहेत. ४१०, ४११, ४१९, ४२३ असे गडी पडत गेले. गावस्करसह तीन गडी इयान बोथमने घेतले. शेवटी भरत रेड्डी आणि करसन घावरी नाबाद परतले.

पण फलंदाजीच्या क्रमाशीच अडकून पडणाऱ्यांशी माझं जमत नाही. गावस्कर गेल्यावर नुसता बचाव करून सामना सहज वाचवता आला असता. वेंकटराघवनच्या संघाने तसं केलं नाही. गडी पडत असतानाही ते धावत राहिले, कर्णधार स्वतः धावबाद झाला. मालिकेनंतर त्याचं कर्णधारपद गेलं आणि ओव्हलचं नाव निघालं की तो फक्त क्रम चुकवणारा म्हणून आठवला जातो. हा अन्याय आहे. ४३८ चा पाठलाग करायचा हा विचार त्या काळच्या भारतीय संघाने केला, यातच त्या दिवसाचं मोठेपण आहे.

घरातली तरुण मुलं म्हणतात, सिडनीची अनिर्णित कसोटी यापेक्षा मोठी. जानेवारी २०२१, रहाणे कर्णधार, पंतच्या ९७, मग मांडीचा स्नायू दुखावलेला विहारी १६१ चेंडू आणि अश्विन १२८ चेंडू खेळून उभे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तिथे पंत बाद होईपर्यंत आपण जिंकायला खेळत होतो आणि नंतर वाचवायला. ओव्हलवर नेमकं उलटं घडलं, दिवसभर वाचवता वाचवता जिंकायच्या जवळ गेलो. दोन्हींत हार मानलेली नव्हती.

ओव्हलवर त्या नऊ धावा झाल्या असत्या, तर यशस्वी पाठलागाचा विक्रम आजही आपलाच राहिला असता. २००३ मध्ये अँटिग्वाला वेस्ट इंडीजने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१८ धावा करून कसोटी जिंकली, तोच आजवरचा सर्वोच्च यशस्वी पाठलाग. चौथ्या डावात ४३८ करून कसोटी अजून कोणीही जिंकलेली नाही.