गोल कोणीं खाल्ला?

फुटबॉलच्या मैदानावर जो इसम दोन खांबांच्या मध्यें उभा राहतो त्याच्या आयुष्यांत लिहिण्यावाचण्यासारखें काय असणार, असा प्रश्न आमच्या दिग्रसच्या शिकल्यासवरल्या मंडळींत कोणी केला, तर त्याला विरोध करणारा सहसा आढळत नाहीं. वकील, शिक्षक, डॉक्टर, कापसाचे व्यापारी, सर्वांचें ह्या एका बाबतींत एकमत! ज्याला धांवतां येत नाहीं, ज्याला चेंडू मारतां येत नाहीं, त्याला गोलवर उभें करावें, हा शाळेच्या मैदानावरचा प्रघात. आणि जो प्रघात मैदानावर, तोच विचार घरांत. हा विचार खोटा आहे, इतकेंच नव्हे तर मुलांचें नुकसान करणारा आहे, असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे.

प्रथम आमच्या भाषेचीच झडती घेऊं. आघाडीचा खेळाडू गोल ‘करतो’ आणि गोलरक्षक गोल ‘खातो’. लांच खावी, शिव्या खाव्या, मार खावा, तसा हा गोल खावयाचा! मधल्या फळीनें चेंडू गमावला, बचाव करणाऱ्यांनीं पाठ फिरविली, आणि अखेरीस खाल्ला कोणीं? तर एकट्या गोलरक्षकानें. पंगत अकरा जणांची, पण पान मात्र एकाचेंच मांडलेलें! आघाडीचा खेळाडू पांच संधि दवडून सहावी साधतो व खांद्यावर मिरवला जातो. गोलरक्षक पांच चेंडू अडवून सहावा सोडतो व घरीं जाण्यासाठीं आडवाट धरतो. हिशेबाची ही पद्धत जेथें रूढ आहे, तेथें त्या माणसाच्या गुणांची पारख होणार तरी कशी?

लेव्ह याशिन ह्या रशियन गोलरक्षकाचें चरित्र ह्यासाठींच वाचण्यासारखें आहे. १९२९ सालीं मॉस्कोंत जन्मलेला हा मुलगा महायुद्धाच्या काळांत, शाळेंत जाण्याच्या वयांत, कारखान्यांत राबत होता. १९५० सालीं डायनॅमो संघाकडून एका स्नेहसामन्यांत त्याला संधि मिळाली. तेथें समोरच्या गोलरक्षकानें दुरून मारलेला चेंडू पकडावयास तो धांवला, स्वतःच्याच बचावपटूवर आदळला, आणि चेंडू सरळ जाळ्यांत गेला. एका गोलरक्षकानें दुसऱ्या गोलरक्षकावर गोल करावा, ह्याहून मोठी फजिती कोणती? आमच्याकडे त्याचें चरित्र ह्याच ओळीवर संपलें असतें. तेथें तें संपलें नाहीं. मुख्य संघांतील जागेची वाट पाहत त्यानें बर्फावरील हॉकींतही गोल राखला, आणि १९५३ सालीं त्या खेळांतील सोव्हिएत चषक जिंकणाऱ्या संघांत तो होता. मग फुटबॉलमधील त्याची जागा त्याला मिळाली ती कायमची. १९५६ चें मेलबर्न ऑलिंपिकचें सुवर्णपदक (ह्याच स्पर्धेंत आपला भारतीय संघ चौथा आला होता, हें आज किती जणांना ठाऊक आहे?) आणि १९६० चें पहिलें युरोपीय अजिंक्यपद, हीं दोन्ही त्याच्या संघानें मिळविलीं.

तो नुसता उभा राहत नसे. गोलाची रेघ सोडून पुढें येऊन तो चेंडू अडवी, बचाव करणाऱ्यांना ओरडून जागा दाखवी, आणि हातीं आलेला चेंडू लगोलग फेंकून तेथूनच आपल्या संघाची चढाई सुरू करी. गोलरक्षक हा मैदानाचा द्वारपाल नसून सेनापति असूं शकतो, हें त्यानें दाखवून दिलें.

१९६२ सालीं चिलींतील विश्वचषकांत सोव्हिएत संघ हरला आणि सारा दोष ह्या एकट्याच्या माथीं आला. मायदेशीं लोकांनीं त्याची हुर्यो उडविली, घराच्या कांचा फोडल्या. तेव्हां गोल ‘खाऊं’ घालण्याची खोड केवळ मराठी माणसाचीच आहे असें नव्हे! पण पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, युरोपांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूला मिळणारा ‘सुवर्णचेंडू’ त्याला मिळाला. पुरुषांच्या फुटबॉलमध्यें त्याच्यानंतर आजतागायत दुसऱ्या कोणाही गोलरक्षकाला तो मिळालेला नाहीं.

ह्यावर आमचे मित्र म्हणतील कीं, रशियाची गोष्ट निराळी. तेथें सरकार खेळाडूंना पोसत होतें. ठीक आहे, रशिया सोडा. आपल्या शेजारच्या गोमंतकाकडे या. ब्रह्मानंद शंखवाळकर हें नांव आमच्या किती घरांत ठाऊक आहे? साळगांवकर संघाचा गोल त्यांनीं वर्षानुवर्षें सांभाळला, भारतीय संघाचें नेतृत्व केलें, आणि १९८४ सालीं गोव्यानें संतोष करंडक जिंकला तो त्यांच्या कप्तानपदाखालीं, साऱ्या स्पर्धेंत एकही गोल न होऊं देतां. आणि अर्जुन पुरस्कार केव्हां? १९९७ सालीं. पद्मश्री केव्हां? २०२२ सालीं. ज्या हातांनीं करंडक राखला ते हात हातमोजे उतरवून कधींच मोकळे झाले होते, तेव्हां सरकारला त्यांची आठवण झाली! अर्थात् आम्हांला ह्याचें नवल वाटूं नये. १९५२ सालीं हेलसिंकीहून कुस्तींतील कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. जेथें पदक जिंकणाराची ही कथा, तेथें पराभव टाळणाराला कोण विचारतो?

दुसरा आक्षेप पोटाचा. फुटबॉलवर दिग्रसच्या मुलाचें पोट भरणार आहे काय? नाहीं, बहुधा भरणार नाहीं. हें मी मोकळेपणानें मान्य करतों. पण क्रिकेटवर तरी दिग्रसच्या किती मुलांचें भरलें? तरीही विदर्भानें २०१७-१८ च्या हंगामांत रणजी करंडक प्रथम जिंकला, तेव्हां त्याचें कौतुक आम्हीं सर्वांनीं केलें, आणि बॅट विकत आणतांना कोणत्या बापानें पोटाचा हिशेब मांडला? मग तो हिशेब फुटबॉलचे बूट मागणाऱ्या मुलापुढेंच कां मांडावयाचा? फुटबॉल विदर्भाला परका आहे असेंही नाहीं. नागपुराजवळच्या कामठीला ह्या खेळाचें वेड जुनें आहे. वस्तुस्थिति एवढीच कीं, एका खेळाला आम्ही खेळ म्हणतों आणि दुसऱ्याला वेळेचा अपव्यय.

आणि गोलवर उभा राहणारा मुलगा काय शिकतो, तें तरी पाहा. चूक सर्वांच्या देखत होते, ती लपवितां येत नाहीं, आणि पुढचा चेंडू लगेच येत असतो. असें शिक्षण देणारी शिकवणी आमच्या गांवांत दरमहा कितीही फी मोजली तरी मिळावयाची नाहीं. तेव्हां वर्गांतील दुबळा मुलगा हेरून त्याला तेथें ढकलण्याची चाल शाळांनीं बंद करावी, आणि जो उंच, चपळ व धीट असेल त्याला ती जागा मानानें द्यावी. शिवाय एक अगदीं साधी गोष्ट करावी. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळून दगडासारखी होते. तिच्यावर झेंप घेणाराचीं कोपरें फुटतात, आणि मग मुलगा झेंप घेणेंच सोडतो व आम्ही त्याला भित्रा ठरवितों. दोन्ही गोलांपुढें एकेक ट्रॉली वाळू टाकावयास असा कितीसा खर्च येणार आहे?