पायासाठी पैरा



शेतकी खात्याकडून या पानावर आपण बेणे, खताचे हप्ते, बांधणी, पाचट असे विषय वाचत असता. यावेळी ते बाजूला ठेवून फडात उभे राहणाऱ्या माणसाच्या पायांविषयी लिहीत आहोत. हे काम डॉक्टरांचे, तुमचे नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु गटागटांतून फिरताना जे डोळ्यांना दिसते ते सांगितलेच पाहिजे. हंगाम सुरू झाला की एखादा तरी धडधाकट सभासद काठी टेकत आलेला दिसतो. चौकशी केली की उत्तर ठरलेले: "शुगर हाय. पायाला जखम झालती, चिघळली, बोटं काढली." कोणाचा तर गुडघ्याखालचा पायच गेलेला असतो. आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात एका बारीकशा टोचण्यापासून झालेली असते.

जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडीला यायला सोळा ते अठरा महिने लागतात. तेवढ्या काळात आपण दोन पावसाळे पाहतो, पाणी देतो, भरणी करतो आणि वाट पाहतो. एवढा धीर ज्याच्या अंगी आहे, तो शेतकरी स्वतःच्या पायाला तीन महिने का देत नाही? आमचे मत असे झाले आहे की धीराची उणीव त्याच्यात नाही. धीर धरायचा म्हणजे घरी बसायचे, आणि तो घरी बसला तर त्याचे काम कोण करणार, याचे उत्तर त्याला कोणी देत नाही. या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

प्रथम रोगाविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरात प्रमाण जास्त आहे हे खरे, पण खेड्यातही शंभर प्रौढांमागे सुमारे नऊ जणांना तो आहे. तेव्हा हा बसून खाणाऱ्यांचा रोग, राबणाऱ्याला होत नाही, ही समजूत आता सोडून द्यावी. गावात थट्टेने म्हणतात, "साखर पिकवणाऱ्याला साखरेचाच रोग!" थट्टा ठीक आहे, पण या थट्टेपायी कित्येक जण आजार लपवतात, आणि लपवलेल्या आजाराची जखमही लपवली जाते.

आता पायाचे कसे होते ते पाहू. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा अधू होतात. सर्वांत लांबच्या नसा पायाच्या, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळपायाची आग होते, मग हळूहळू जाणीवच जाते. घाम येणे कमी होऊन कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. जोडीला पायाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या जास्तच होतात. टोचले तर कळत नाही, कळले नाही म्हणून जंतू आत शिरतात, आणि रक्त कमी पोचत असल्याने जखम भरत नाही. अशा पायाने आपण फडात जातो.

आपला फड कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. तोड झाल्यावर कोयत्याने तिरपा कापलेला बुडखा भाल्यासारखा असतो, आणि पाचट आच्छादून ठेवले की तो दिसत नाही. पाचट ठेवाच, जाळू नका, हे आम्ही पुन्हा सांगू. पण त्यावरून अनवाणी चालू नका, हेही त्याच जोराने सांगू. बरेच सभासद चपला बांधावर काढून रानात उतरतात. काळ्या आईच्या अंगावर पायताण घालून जाऊ नये, ही त्यामागची भावना आम्ही जाणतो आणि मानतो. परंतु बधिर पायाच्या लेकराने पायताण घातले म्हणून आई रागावेल, असे आम्हाला वाटत नाही. याशिवाय रात्रीचे पाणी, ओल्या गमबुटात तासन्‌तास राहिलेला पाय, बोटांच्या बेचक्यातला चिखल, एप्रिल महिन्यातला तापलेला बांध. चांगल्या पायाला यातले काही होत नाही, बधिर पायाला यातले काहीही पुरते.

यातला सर्वांत मोठा घात म्हणजे "दुखत नाही, मग कशाला दवाखाना?" हे वाक्य. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. त्या रोगात बोटे आपोआप झडतात असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की संवेदना गेलेली असते, त्यामुळे भाजलेले, कापलेले, घासलेले कळत नाही, आणि त्या न कळलेल्या इजांनी बोटे जातात. तळपायाच्या जखमेला प्लास्टर घालून तिच्यावरचा भार काढून घेण्याची पद्धत ते वापरीत. पुढे ते अमेरिकेत गेले, तेव्हा ही पद्धत तिकडे पोचली आणि मधुमेहाच्या पायांसाठीही वापरात आली. म्हणजे वेदना ही राखणदार आहे. राखणदार झोपला, तर मालकाने स्वतः उठून फेरी मारली पाहिजे.

बरे होण्याचे गणितही नीट समजून घ्यावे. मधुमेह हा बहुतेकांना जन्मभर सांभाळावा लागतो. त्याला आटोक्यात ठेवता येते. जखम मात्र भरते, पण तिला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. डॉक्टर मेलेले मांस काढतात, जंतू असतील तर औषध देतात, रक्तपुरवठा तपासतात, साखर आटोक्यात आणतात. हे सगळे करूनही एक गोष्ट राहिली तर बाकीचे वाया जाते, ती म्हणजे जखमेवर भार न देणे. तळपायाच्या जखमेवर दर पावलाला अंगाचे सगळे वजन पडते. दिवसा बांधलेली पट्टी आणि रात्री दारे धरायला जाणे, म्हणजे आज लावलेले टिपरे उद्या उपटून मुळ्या फुटल्या का ते बघण्यासारखे आहे.

साखरेचेही तसेच. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. आज पथ्य केले म्हणून ती उद्या सुधारत नाही. पिवळ्या पडलेल्या उसाला खत दिल्यावर दुसऱ्या दिवशी हिरवेपणा येत नाही, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल.

अर्ध्यावर सोडणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. खपली धरली, पू थांबला, की पट्टी बंद, गोळ्या बंद, आणि गडी रानात. वरून हिरवागार दिसणारा ऊस आतून कांडी किडीने पोखरलेला असतो, तशी खपलीखाली पोकळी असू शकते. जखम भरली की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. दुसरा प्रकार म्हणजे कंटाळून जो जे सांगेल ते करणे. कोणी गरम पाण्याने शेकायला सांगतो, कोणी राख भरायला, कोणी पाल्याचा लगदा बांधायला. बधिर पाय गरम पाण्यात भाजतो आणि भाजलेले कळत नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पाय आपला असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. "जरा धीर धरा, विश्रांती घ्या," असे आपण आजारी माणसाला भेटायला जाऊन सांगतो, चहा घेतो आणि उठतो. त्याच्या मोटारीची पाळी मध्यरात्री असते. पोरगा पुण्याला नोकरीला, बायकोच्या अंगावर जनावरांचे शेण-पाणी. तो मुकाट्याने पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधतो आणि रानात जातो. त्याला बेफिकीर म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही.

थोडा हिशोब करू. जखम भरायला बारा आठवडे धरले आणि पाणी दहा-बारा दिवसांनी दिले, तर त्या काळात सात-आठ पाळ्या येतात. सात-आठ वेळा कोणीतरी त्याच्या शेतात दारे धरली, तर त्याचा पाय वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. भाऊबंद, शेजारी आणि एकाच विहिरीचे वाटेकरी मिळून चार घरे धरली, तर प्रत्येक घराच्या वाट्याला दोन पाळ्या येतात. आपल्याकडे पैरा ही जुनी चाल आहे. पेरणीला, मळणीला एकमेकांच्या रानात राबत होतो. ट्रॅक्टर आले आणि पैरा मागे पडला. तो आजारपणासाठी पुन्हा चालू करावा, अशी आमची सूचना आहे. यात उपकार नाहीत. आज त्याची पाळी, उद्या आपली. भाऊबंदकीत बांधावरून बोलणे बंद असेल तर तेवढे तीन महिने ते भांडणही बांधावरच राहू द्यावे.

मागायलाही शिकले पाहिजे. "माझी पाळी धर," असे म्हणायला आपल्या माणसाला कमीपणा वाटतो. बैल लंगडला तर आपण त्याला औताला धरत नाही आणि शेजाऱ्याची जोडी मागून आणतो. स्वतःसाठी मागताना मात्र जीभ अडते.

बायाबापड्यांचे तर आणखी अवघड. भांगलणीला, पाला काढायला बाई फडात असते, तिचा पाय कोण बघतो? घरच्या बाईला शुगर असेल तर तिचे विश्रांतीचे दिवस म्हणजे चूल, पाणी, धार कोणी दुसऱ्याने करण्याचे दिवस. पुरुष मंडळींनी हे मनावर घ्यावे. आपल्या फडात येणाऱ्या तोडणी मजुरांच्या टोळ्यांतही अशी माणसे असतात. ते सभासद नसले तरी आपल्याच उसासाठी बुडख्यांतून चालतात. कोणाच्या पायाला जखम दिसली तर मुकादमाला सांगून त्याला दवाखान्यात पाठवणे हे शेतमालकाचेही काम आहे.

आमच्या बाजूने सांगायचे तर, आजारी सभासदाने ऊस नोंदीसाठी वा तोडीच्या चौकशीसाठी लंगडत गट कार्यालयात येऊ नये. घरातले कोणीही नोंदीची पावती घेऊन आले तरी चालेल. आणि अमक्याला पायाची जखम आहे, असे चिटबॉयच्या कानावर घातले, तर आमचे कर्मचारी घरी येऊन भेटतील.

शेवटी रोजच्या पाळणुकीच्या गोष्टी देतो. कापून भिंतीला लावाव्यात.

१) शुगर असलेल्याने रोज झोपण्यापूर्वी दोन्ही तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे.

२) पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. कोरड्या कातडीला तेल लावावे, पण बेचक्यांत लावू नये.

३) घरात वा रानात अनवाणी चालू नये. पायताण घालण्यापूर्वी आत हात घालून खडा, काटा पाहावा. बधिर पायासाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

४) कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर औषधी पट्टी लावू नये.

५) वर्षातून निदान एकदा डॉक्टरांकडून पायाची जाणीव तपासून घ्यावी. नायलॉनच्या बारीक दोऱ्याने ती तपासतात, अजिबात दुखत नाही. जाणीव गेली असेल तर अधिक वेळा जावे.

६) जखम, सूज, लाली, घाण वास, काळे पडणे, ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम नसताना एकच पाय लाल, गरम, सुजलेला असेल तरीही.

७) इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्याने उपाशी रानात जाऊ नये. घाम, थरथर, चक्कर आली तर साखर उतरल्याचे समजून तीन चमचे साखर लगेच खावी. कनवटीला तेवढी साखर ठेवावी.

जखम भरली म्हणजे काम संपले असेही नाही. अशी जखम भरलेल्या शंभर जणांपैकी सुमारे चाळीस जणांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. म्हणून पाय पाहण्याची सवय मोडू नये, आणि शेजाऱ्यांनीही पैरा एकदम मोडू नये. रात्रीच्या पाळ्या आणखी काही महिने दुसऱ्याकडे राहिल्या तर बरेच.

ज्यांना कधी तपासणीच करून घेतलेली नाही आणि वय तिशीच्या पुढे आहे, त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. तेथे ती तपासणी मोफत होते. आणि ज्यांच्या वस्तीवर आज कोणी पाय वर करून बसले असेल, त्यांनी पुढची पाळी कोणाची ते आजच त्याच्या घरी जाऊन ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते