गणितात वर, इंग्रजीत खाली

रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. थोरली मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. अमेरिकेत एमएस करायचे म्हणून तिने जीआरई दिली. गणितात १६७, इंग्रजीत १४६, लेखनात ३. दहावीपर्यंत ती उर्दू माध्यमात शिकलेली. अब्बा म्हणतात, वीस हजारांवर फी पाण्यात गेली, आता नाद सोड. मामू म्हणतात, पुन्हा बस. मुलगी गप्प आहे.

अब्बांना आमचे पहिले सांगणे : बेरीज करू नका. दोन्ही भागांना गुण १३० ते १७० असेच असले तरी त्यांचे वजन सारखे नाही. इंग्रजीत १६० मिळवणारा शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांच्या पुढे असतो; गणितात तेच १६० जेमतेम मध्यावर येतात. परीक्षा घेणारी ईटीएस संस्थाही विद्यापीठांना सांगते की तिन्ही गुण वेगवेगळे बघा, केवळ एका आकड्यावर कोणाला गाळू नका. सगळेच ते ऐकतात असे नाही.

इंजिनीअरिंगच्या विभागात नजर आधी गणितावर जाते, आणि तिथे ही मुलगी भक्कम आहे. इतिहासाला अर्ज केला असता तर चित्र उलटे झाले असते. पण १४६ कडे कोणी बघणारच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ही मुलगी वर्गात समजून घेईल का, प्रबंध लिहील का, ही शंका येतेच. तिचे उत्तर टोफेल किंवा आयईएलटीएसच्या गुणांतून, प्राध्यापकांच्या शिफारसपत्रांतून आणि तिच्या स्वतःच्या निवेदनातून मिळते. ते निवेदन मात्र कोणाकडून लिहून घेऊ नका. लेखनात ३ आणि निवेदन मात्र एखाद्या साहित्यिकाचे, हे तिथल्या लोकांना लगेच खटकते.

खरी अडचण पैशांची. शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होते, त्या जागेसाठी बरीच विद्यापीठे बोलण्याच्या इंग्रजीचे वेगळे गुण मागतात. म्हणून मेहनत तिकडे घ्यावी.

मामूंचेही अगदी चूक नाही. २१ दिवसांनी पुन्हा बसता येते, आणि कोणत्या वेळचे गुण पाठवायचे ते आपल्या हाती असते. मात्र एका वेळचे गणित आणि दुसऱ्या वेळचे इंग्रजी अशी जोडणी चालत नाही. शिवाय आता कित्येक विभाग जीआरई मागतच नाहीत. तेव्हा फी भरण्याआधी मुलीने निवडलेल्या प्रत्येक विभागाचे नियम तिच्याकडूनच वाचून घ्या.